पक्षी दिसला आणि लोक हसले

१९५७ साली 'द जायंट क्लॉ' नावाचा एक स्वस्तातला राक्षसपट आला. त्याचा नायक जेफ मॉरो आपल्याच गावच्या थिएटरात तो बघायला जाऊन बसला. ही हकीकत त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. चित्रीकरण चालू असताना त्यातला अजस्र पक्षी एकाही नटाने पाहिला नव्हता. दिग्दर्शक सांगेल तिकडे, रिकाम्या आभाळाकडे बघायचं आणि घाबरायचं. पक्षी नंतर येणार होता, आणि तो कसा असेल याचं चित्र ज्याने त्याने आपापल्या मनात काढलं होतं. मॉरोने जीव ओतून काम केलं. थिएटरात दिवे मालवले, गोष्ट सुरू झाली, पहिला काही वेळ लोक गुंगून बघत होते. मग पक्षी पडद्यावर आला आणि सगळं थिएटर हसलं. तो पुन्हा आला तेव्हा पुन्हा हसलं. खेळ संपायच्या आत, कोणी ओळखायच्या आधी, मॉरो हळूच उठून बाहेर पडला.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो पक्षी मेक्सिको सिटीत कमी पैशांत करून घेतलेली दोऱ्यांवरची कळसूत्री बाहुली होती. लांब सुरकुतलेली मान, खोबणीतून बाहेर आलेले गोल डोळे, डोक्यावर झिपऱ्यांचा एक झुबका. त्याच्या निर्मात्याची, सॅम कॅट्झमनची, काटकसर हॉलिवुडात प्रसिद्धच होती. पण पैसा कमी होता एवढं म्हणून मला ही गोष्ट मिटवता येत नाही. कारण जे हसू त्या दिवशी थिएटरात फुटलं, तेच हसू मिळावं म्हणून पुढे कित्येकांनी याच जातीचे चित्रपट केले. मारेकरी जनावर, थोडे पैसे, भरपूर रक्त आणि भरपूर विनोद. तिथे लोक हसले की बनवणाऱ्यांचं सार्थक होतं. मग मॉरोला ते हसू का झोंबलं?

हसू तेच होतं, पण ते नको त्यावर फुटलं होतं.

भयविनोदी जनावरपटाचा पाया मला एकाच गोष्टीत दिसतो. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे जनावराला ठाऊक नसावं. त्याला भूक लागलेली असते, किंवा त्याच्या पिलांच्या जागेत कोणीतरी घुसलेलं असतं, आणि ते आपलं काम चोख करतं. विनोद सगळा माणसांचा. समजा, तिघं जण एका शेडमध्ये अडकलेत आणि दाराची कडी कोणी लावायची होती यावरून भांडताहेत. प्रत्येकाकडे आपली बाजू आहे, प्रत्येकाला शेवटचा शब्द आपलाच हवा आहे. त्यांच्या मागे, धूसर झालेल्या भागात, तीच कडी आतल्या बाजूला हलते. भांडण थांबत नाही. प्रेक्षक हसतोही आणि खुर्चीचा हातही घट्ट धरतो. इथे जनावराने डोळे मिचकावले, तोंड वेडंवाकडं केलं, की भीती गेलीच. पण तिच्या मागोमाग विनोदही जातो, कारण भांडणाऱ्यांच्या जिवाला धोका असतो म्हणूनच ते भांडण हास्यास्पद असतं. जनावर जितकं खरं तितकी माणसं विनोदी. आणि थोडक्या पैशांत जनावर खरं करायचं म्हणजे काय काय करावं लागतं, ते जवळून पाहिलं की या चित्रपटांबद्दलचा माझा आदर वाढतच जातो.

पहिला निर्णय जनावराचा. अस्वल, मगर, शार्क यांची भीती आयती मिळते. ससा, मेंढी, बदक यांची कमवावी लागते, पण विनोद आधीच हातात असतो. निरुपद्रवी जनावर घ्यायचं तर त्याच्यातलं एखादं खरंखुरं अस्वस्थ करणारं अंग शोधावं लागतं. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, दोन्हीकडे लांबलेली काळी फट. क्लोजअपमध्ये तिच्याकडे पाच सेकंद बघितलं तरी बरं वाटत नाही. बीव्हरचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या कवचात लोह असतं. हंसाच्या चोचीच्या कडा करवतीसारख्या आणि जिभेच्या बाजूंना काटे. हे काही शोधून काढलेलं नाही, निसर्गात आहे, आणि म्हणूनच ते पडद्यावर चालतं. २००६ सालच्या न्यूझीलंडच्या 'ब्लॅक शीप'मध्ये मेंढ्यांचीच दहशत आहे आणि ती लागू पडते. याउलट १९७२ च्या 'नाइट ऑफ द लेपस'मध्ये प्रचंड ससे दाखवायचे म्हणून पाळीव ससे छोट्या छोट्या घरांच्या प्रतिकृतींमध्ये सोडले आणि स्लो मोशनमध्ये पळवले. ससा मोठा झाला, पण ससाच राहिला. मऊ, गुबगुबीत, चेहऱ्यावर कुठलाच भाव नसलेला. आकार वाढवला की भीती वाढते, हा समज त्या एका चित्रपटाने कायमचा खोडून काढला आहे.

खऱ्या जनावराला सजवून उभं करण्याचा मोह कमी बजेटमध्ये फार होतो. १९५९ च्या 'द किलर श्रूज'मध्ये लांबच्या दृश्यांसाठी कुत्र्यांच्या अंगावर केसाळ पांघरुणं बांधून त्यांना धावायला लावलं होतं, आणि जवळून दाखवायला हातात घालायची मुंडकी होती. धावणाऱ्या कुत्र्याची चाल कशानेच झाकत नाही. मालकाने हाक मारली म्हणून ते उड्या मारत येतंय, हे दिसतंच. ही त्या कुत्र्यांची चूक नव्हे. जनावराकडून रोख साधता येतो, पळणं साधता येतं, पण हेतू साधता येत नाही. तो संकलनात घालावा लागतो. शिवाय जनावराला इजा होणार नाही याची जबाबदारी असते, आणि ती असायलाच हवी. म्हणून बहुतेक शहाणी मंडळी बाहुलीकडे वळतात.

बाहुलीचं मुंडकं स्वस्तात करायची एक जुनी पद्धत आहे. गादीत वापरतात तो फोम, अडीच ते पाच सेंटिमीटर जाडीचा, थरावर थर चिकटवून ठोकळा करायचा आणि कात्रीने बारीक बारीक टवके काढत आकार आणायचा. चिकटवायला कॉन्टॅक्ट सोल्यूशन. ते दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला चिकट लागलं पण बोटावर आलं नाही की दोन्ही बाजू दाबायच्या. घाई करून ओलं असतानाच दाबलं तर आतला वायू अडकतो आणि आठवड्याने जबडा सुटून येतो. एकदा दाबलं की सरकवता येत नाही, त्यामुळे खुणा आधीच करून ठेवाव्या लागतात. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात, त्या वासाने डोकं धरतं. मग वर द्रवरूप लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, कातडी. पाच-सहा पातळ हात, स्पंजने टिपत टिपत, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. इथेच सगळ्यात जास्त काम बिघडतं. उशीर झालाय म्हणून एकच जाड हात दिला तर वरची साय वाळते, आत ओल राहते, आणि चित्रीकरणाच्या दिवशी दिव्यांच्या उष्णतेने गालाचं कातडं साल निघाल्यासारखं निघतं. वाळलेलं लेटेक्स स्वतःलाच चिकटतं, म्हणून वरून पावडर मारावी लागते. ती विसरली तर मिटलेलं तोंड उघडताना फाटतं. रंगाचंही तसंच. साधा ॲक्रिलिक रंग वाळला की ताठ होतो, जबडा हलला की तडकतो. रंग लेटेक्समध्येच कालवून लावला तर तो कातडीबरोबर ताणतो. मात्र ओलं लेटेक्स दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं. त्यामुळे भांड्यात दिसतो त्यापेक्षा रंग गडद उतरतो. आधी तुकड्यावर वाळवून बघायचा.

फरचं कापड नेहमी पाठीमागून कापतात, पात्याच्या टोकाने फक्त विणीचा थर. कात्रीने आरपार कापलं की केसांची टोकं एका रेषेत छाटली जातात आणि शिवण लांबूनही ओरडते. केसांचा कल नाकापासून शेपटीकडे एकाच दिशेने हवा. एक तुकडा उलटा लागला तर त्यावर उजेड वेगळा पडतो आणि जनावराच्या बरगडीवर चौकोनी डाग दिसतो. शिवून झाल्यावर टाक्यात अडकलेले केस सुईने बाहेर ओढायचे आणि तारेच्या ब्रशने विंचरायचे. कंटाळवाणं काम आहे, पण जनावर आणि खेळणं यांतला फरक पुष्कळदा त्या एका तासाच्या विंचरण्यात असतो.

डोळ्यांवर मात्र पैसा वाचवू नये असं माझं ठाम मत आहे. पारदर्शक ॲक्रिलिकचा अर्धगोल घेऊन त्याच्या सपाट पाठीवर बुबुळ रंगवलं की पुढून बघताना ते आत खोल असल्यासारखं दिसतं, आणि बघणाऱ्याबरोबर फिरतं. पुढच्या बाजूने रंगवलेला डोळा मेलेला दिसतो. दोन्ही डोळे सरळ समोर बसवले तर जनावर कुठेच बघत नाही. ते किंचित आत वळवावे लागतात, म्हणजे नजर दोन-तीन हातांवर एका जागी मिळते. आणि कॅमेऱ्याजवळ एक छोटा दिवा, फक्त डोळ्यात ठिणगी पडण्यापुरता. ती ठिणगी गेली की बाकी सगळं नीट असूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. त्या १९५७ च्या पक्ष्याचे डोळे मी पुन्हा पुन्हा बघतो तेव्हा हेच जाणवतं. ते मोठे आहेत, फिरतातही, पण कोणावर रोखलेले नाहीत.

दात पांढरेशुभ्र केले की कवळी दिसते. मुळाशी तपकिरी, टोकाकडे पिवळट, एखादा तुटका. नटाच्या अंगाजवळ जाणारे दात नेहमी मऊ रबराचे. कडक दात फक्त क्लोजअपच्या मुंडक्यात. जबडा उघडायला सायकलच्या ब्रेकची केबल उत्तम. एका टोकाला जबडा, दुसऱ्या टोकाला मुठीत दाबायचा दांडा, मिटायला स्प्रिंग. केबल तीन मीटरपर्यंत चालते, पण तिला तीव्र वळण दिलं की आतली तार घासते, निम्मा जोर वळणातच जातो आणि जबडा उघडतो पण झपकन मिटत नाही. चावा हा मिटण्यात असतो. उघडणं सावकाश झालं तरी चालतं, मिटणं दोन-तीन फ्रेममध्ये व्हायला हवं, नाहीतर जनावर जांभई देतंय असं वाटतं. म्हणून स्प्रिंग जितकी दमदार ठेवता येईल तितकी ठेवायची आणि उघडण्याचं कष्टाचं काम मुठीकडे द्यायचं. डोकं एकाकडे, जबडा दुसऱ्याकडे, डोळे आणि ओठ तिसऱ्याकडे. तिघांनी एका श्वासात काम करायला शिकायचं. तालीम म्हणतात ती हीच. बाहुलीला नुसता श्वास घ्यायला लावून दोन दिवस काढले तर ते दोन दिवस पडद्यावर दिसतात.

आणि माणूस आत घालून जनावर करायचं असेल तर मागचे पाय विसरून जायचे. माणसाचे हात पायांपेक्षा आखूड, त्यामुळे चार पायांवर आला की पार्श्वभाग वर आणि डोकं खाली. हातांना वीस-तीस सेंटिमीटरच्या कुबड्या बांधून पाठीची रेघ सरळ करता येते, पण मागच्या पायाचा मागे वाकलेला सांधा, जो खरं म्हणजे जनावराची टाच असते, तो माणसाच्या गुडघ्यातून निघत नाही. म्हणून कॅमेरा छातीपासून वर. झुडूप, गाडीचं बॉनेट, पाणी, काहीतरी खालचा भाग झाकणारं हवंच. आतल्या माणसाला दिसत काही नाही, ऐकू कमी येतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो घामाने निथळतो. प्रत्येक टेकनंतर मुंडकं काढायचं, पंखा, पाणी. पाण्यातलं दृश्य असेल तर फर आणि फोम इतकं पाणी पितात की वजन उचलेनासं होतं. त्याच्याजवळ एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला लागतो. ज्यांचं बजेट कमी, त्यांनी याच एका बाबतीत काटकसर करू नये. दृश्य पुन्हा घेता येतं.

रक्त आणि लाळ हे या चित्रपटांचे खरे खर्चिक पदार्थ, कारण ते पुरत नाहीत. एक लिटर कॉर्न सिरपला दीडशे-दोनशे मिलिलिटर पाणी, तीसेक मिलिलिटर लाल खायचा रंग, निळ्याचे चार-पाच थेंब आणि दोन चमचे कोको पावडर. निळा नसेल तर रक्त शरबतासारखं दिसतं; कोको नसेल तर ते पारदर्शक राहतं आणि पातळ ओघळ गुलाबी होतो. लेटेक्सवर ते थेंब थेंब होऊन घरंगळतं, पसरत नाही. त्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकले की पसरतं आणि धुतानाही लवकर जातं. पण नटाच्या तोंडात जाणार असेल तर साबण अजिबात नाही, त्यासाठी वेगळी बाटली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात खूण. साखरेमुळे अर्ध्या तासात सगळं चिकट होतं, मुंग्या-माश्या येतात, फरशी निसरडी होते, आणि रंग कातडीवर दोन दिवस राहतो. म्हणून रक्ताची दृश्यं दिवसाच्या शेवटी ठेवायची आणि प्रत्येक माखणाऱ्या नटाचे कपडे किमान तीन जोड. काळ्या-पांढऱ्यात काम सोपं होतं; १९६० च्या 'सायको'मधल्या न्हाणीघरातलं रक्त चॉकलेट सिरप होतं. लाळेसाठी मिथाइल सेल्युलोज, पाणी घट्ट करणारी पावडर. एक लिटरला वीस-तीस ग्रॅम. पावडर थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या कधीच मोडत नाहीत, कारण बाहेरचा थर लगेच फुगून आतल्या पावडरीला पाणी लागू देत नाही. आधी तिसरा हिस्सा कडकडीत गरम पाण्यात ढवळायची, तिथे ती विरघळत नाही, नुसती पसरते. मग उरलेलं गार पाणी घालायचं आणि काही तास झाकून ठेवायचं. बुडबुडे वर येऊन जातात आणि वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत लोंबणारी ती तार मिळते. मिटलेल्या जबड्यापेक्षा ती तार जास्त घाबरवते.

आता एवढं सगळं केल्यावर ते दाखवायचं नाही.

बनवणाऱ्याच्या जिवावर येणारी गोष्ट हीच आहे. तीन आठवडे खपून मुंडकं केलं, आणि संकलक त्यातल्या बारा फ्रेम ठेवतो. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. पण पहिल्या दर्शनाला तेवढंच पुरतं: ओला खांदा, फिरणारा डोळा, आणि लगेच माणसाचा चेहरा. 'जॉज'च्या वेळी यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडायची, म्हणून बऱ्याच दृश्यांत तिच्याऐवजी पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं आणि संगीत यांवर काम भागवावं लागलं. त्या नाइलाजातून काय निघालं ते सगळ्यांना माहीत आहे: न दिसणारी शार्कच जास्त भीतीदायक ठरली. त्याच लाटेवर स्वार होऊन १९७८ मध्ये कमी पैशांत आलेल्या 'पिरान्हा'ने आणखी सोपी वाट धरली. मासे लहान, रबराचे, काठ्यांच्या टोकाला बसवलेले. पाणी ढवळलेलं, रक्ताने लाल झालेलं, हालचाल इतकी जलद की एकही मासा नीट दिसू नये. जनावर लहान घेतलं आणि पुष्कळ घेतली, की एकेकाचा खोटेपणा गर्दीत विरतो. जनावर एकच आणि मोठं असेल तर त्याला मागून उजेड द्यावा, समोर थोडा धूर, अंगावर पाणी किंवा ग्लिसरीन. मागचा उजेड कडा दाखवतो आणि कडेच्या आत काय आहे ते प्रेक्षकावर सोडतो. समोरून सपाट उजेड पडला की प्रत्येक टाका मोजता येतो. 'द जायंट क्लॉ'चा पक्षी भर दिवसा, स्वच्छ आभाळात, पूर्ण आकारात उडतो. त्याला लपायला एक ढगसुद्धा दिलेला नाही.

लहान प्रतिकृतीला वजन द्यायचं एक साधं गणित आहे. प्रतिकृती खऱ्याच्या जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि कॅमेऱ्याचा वेग तितक्या पट वाढवायचा. एक-चतुर्थांश आकाराला दुप्पट, म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम. एक-नवमांशाला तिप्पट, बहात्तर. पडणारी वस्तू मग तेवढ्या वेळात पडते जेवढ्या वेळात मोठी पडली असती. वेग तिप्पट केला की उजेडही तिप्पट लागतो, आणि तिथे बाहुली तापू लागते. हे आधी लक्षात घ्यायचं. पाणी मात्र या गणितात बसत नाही. थेंबाचा आकार लहान होत नाही, त्यामुळे छोट्या तळ्यात शेपटी आपटली की वाटाण्याएवढे थेंब उडतात आणि सगळं बिंग फुटतं. पण कधीकधी चूकसुद्धा कामाला येते. १९३३ च्या 'किंग काँग'ची साधारण अठरा इंची बाहुली सशाच्या कातड्याने मढवलेली होती. प्रत्येक फ्रेमसाठी ती हलवताना बोटांनी केस विसकटत, आणि पडद्यावर त्याचं अंग सतत शहारल्यासारखं दिसतं. बोटांचे ठसे होते ते. लोकांना मात्र त्यात जनावराचा राग दिसला, आणि मला तो अजूनही दिसतो.

आवाज स्वस्त असतो आणि सगळ्यात जास्त काम करतो. कुठलाही आवाज निम्म्या वेगाने वाजवला की तो एक सप्तक खाली येतो आणि दुप्पट लांबतो. डुकराचा चीत्कार घेतला तर छाती असलेलं काहीतरी ओरडतंय असं वाटतं. नुसती डरकाळी पुरत नाही. खाली गुरगुर, मध्ये घसा, वर श्वासाची शीळ, असे तीन थर लागतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीची शांतता: किडे, वारा, सगळं दोन सेकंद काढून टाकायचं. १९५४ च्या गॉडझिलाची आरोळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा कॉन्ट्राबास या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या तारेवरून घासून मिळवली होती. एक हातमोजा आणि एक तार. पैसा नसला म्हणून आवाज गरीब राहतो असं नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत होते ती नटाच्या नजरेची. जनावर कुठे आहे, किती उंच आहे, कुठून कुठे जातंय, हे नटाला ठाऊक हवं. काठीच्या टोकाला चेंडू बांधून एक माणूस ती काठी घेऊन चालतो, आणि सगळ्यांची नजर त्या चेंडूबरोबर फिरते. पाच नट पाच ठिकाणी बघत असतील तर कितीही सुरेख बाहुली नंतर जोडली तरी ती तिथे नसते. आणि शक्य असेल तर चित्रीकरणाआधी नटांना जनावर दाखवावं. ते बघून ज्याला हसू येतं त्याचं ऐकावं. १९५६ मध्ये दिग्दर्शक रॉजर कॉर्मन एक परग्रहावरचा बसका जीव घेऊन चित्रीकरणाला गेले, तेव्हा त्यांची नायिका बेव्हर्ली गार्लंड त्या बुटक्या राक्षसापुढे उभी राहिली आणि तिने त्याला लाथच मारली, असं कॉर्मन सांगत. जीव मग उंच करून घेतला गेला. सेटवरचं ते हसू वेळेवर आलं होतं. मॉरोच्या वाट्याला ते थिएटरात आलं, जेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

प्रेक्षकाचं हसू किती लांबेल हे संकलनाच्या टेबलावर कळत नाही. म्हणून वीस-पंचवीस अनोळखी लोकांना कच्चा कट दाखवून, पडद्याकडे पाठ करून त्यांचे चेहरे बघायचे. हसू दोन सेकंद टिकत असेल आणि पुढचं वाक्य एका सेकंदाने येत असेल तर ते वाक्य कोणी ऐकलेलं नाही. तिथे एक गप्प चेहरा घालून जागा करायची. आणि हसू ओसरायला लागलं, खांदे सैल झाले, श्वास आत गेला, की जनावर. आधी नाही, नंतर नाही. भीती आणि विनोद दोघांनाही तोच क्षण लागतो, माणूस बेसावध असण्याचा, आणि चांगला संकलक तो एकाच कटमध्ये दोघांना वाटून देतो. ज्या दृश्यात लोक जनावराच्या कातडीकडे बघून हसतात तिथे हा व्यवहारच मोडतो. मग पुढच्या चाव्याची भीती कोणी घेत नाही, आणि माणसांच्या भांडणाचं हसूही फिकं पडतं.

'द जायंट क्लॉ'चा सुरुवातीचा भाग मी म्हणूनच जपून बघतो. तिथे पक्षी नाही. आभाळात एक धूसर डाग सरकतो, रडारवर काहीच उमटत नाही, आणि विमानातली माणसं एकमेकांना सांगत राहतात की ते युद्धनौकेएवढं मोठं होतं. तो डाग आहे तोवर चित्रपट धरून ठेवतो. नावातच पंजा आहे. तेवढा एक पंजा नीट घडवला असता, ढगातून खाली येणारा, आणि बाकी सगळा पक्षी डाग म्हणूनच राहू दिला असता, तर मेक्सिकोतल्या त्या कारागिरांनाही जमण्यासारखं काम मिळालं असतं. मानेच्या सुरकुत्या त्यांनी मेहनतीने काढल्या आहेत, हे नीट बघितलं तर कळतं. पण तो शॉट आला की मी पक्ष्याकडे बघत नाही. लगेच पुढे मॉरोचा चेहरा येतो, मान वर, ओठ किंचित उघडे, नजर रिकाम्या आभाळात नेमकी एका जागी रोखलेली. तिथे काहीच नव्हतं, आणि तरी त्याला ते दिसत होतं.